उकिरड्यावरचा दुसरा दिवा

१९ जुलै, मंगळवार

डी.एड.च्या प्रवेशाची यादी आजही नाही. पोस्टमन आला, बाबांच्या पिठाच्या चक्कीवर टेकला, पावसावर बोलला आणि गेला.

दुपारी आमच्या वावरात निंदण चालू असताना वच्छलामायच्या पायात काच गेली. वच्छलामाय माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे निंदायला आणि कापूस वेचायला येते; येते ती अनवाणीच, कारण ओल्या काळ्या मातीत चप्पल पायापेक्षा जड होते. बाबांनी मला तिच्यासोबत बाभुळगावला पाठवले. कागदावर नाव-गाव लिहायला कोणीतरी हवे, एवढ्याचसाठी. डॉक्टरांनी काच काढून तबकात टाकली. टण्. वच्छलामायने डोळे घट्ट मिटले होते आणि ती सारखी विचारत होती, "झालं काय वो? झालं काय?" मी मात्र पाहिले. जाड काच. चौकोनी तळाचा एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यात वाळून बसलेला निळा-काळा थर.

कोणाचे लक्ष नव्हते. मी ती कागदात गुंडाळून घेतली. का घेतली, ते...

२० जुलै

लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरणे थांबेल.

गावात शाईच्या पेनने लिहिणारी मी एकटी. बारावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी माझी शाईची बाटली ओट्यावर पडून फुटली. परीक्षेच्या तोंडावर शाई सांडली, हे आईने अशुभ मानले असते, आणि तिचे ते मानणे मला परीक्षेच्या खोलीपर्यंत पुरले असते. म्हणून मी तुकडे वेचले आणि उकिरड्यात, शेणाखाली, हाताने खोल दाबले. मे महिन्यात बाबांनी उकिरडा गाड्या भरून वावरात नेला. जुलैत वच्छलामाय त्या वावरात चालली.

भूमितीच्या सिद्धतेसारखे आहे. एकही पायरी गाळता येत नाही.

२२ जुलै

हापशीवर पाण्याला गेले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला उकिरडा एकच आहे, पण दोन घरांचा. डावी बाजू आमची, उजवी हमिदाचाचीची. हमिदाचाची बांगड्या विकते. टोपली डोक्यावर घेऊन चार गावे फिरते. तिला वावर नाही, तीन बकऱ्या आहेत. तिच्या बाजूचे खत बाबा आमच्या खतासोबत नेतात आणि त्याच्या बदल्यात कापूस संपला की तिला चुलीसाठी पऱ्हाटी देतात, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे. मला समजू लागल्यापासून हे असेच चालले आहे. कोणी कधी मोजले नाही.

समोरच्या घरातली शेवंताकाकू बादली भरता भरता म्हणाली, "काच दुसऱ्या कोनाची असंन? बांगडीवालीच्या घरची. तिच्या घरी त रोजच फुटते."

दुसरी कोणीतरी म्हणाली, "सांगाच लागते तिले. आज वच्छीचा पाय, उद्या आपला."

"वैशे, तू होती न दवाखान्यात? बांगडीचीच होती न वो?"

मी म्हणाले, "मला नीट दिसले नाही."

बादली अर्धीच भरून आणली.

२५ जुलै

वच्छलामायकडे गेले. पाय सुजला आहे.

"ये मास्तरीनबाई. पाय पाह्य माह्या, जसा काही भोपया. दिवाईले ह्याचेच घारगे कर." आणि स्वतःच हसली. मग हसू आवरून, "दसऱ्यापर्यंत बरा होईन न वो?"

दसऱ्यानंतर कापूस फुटतो. ती एकटी राहते. एकुलती लेक मुकुटबनला दिली आहे. वेचणीचे जे दिवस मिळतील त्यांवर तिचे वर्ष उभे असते. मी "होईल" म्हणाले.

सांगायला गेले होते. अंगात ताप होता तिच्या, म्हणून नको म्हटले. ताप होता हे खरे. पण ताप नसता तर?

३० जुलै

सरपंचांनी पंचायतीत बोलावले. गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरते आहे. "तालुक्यात पहिली आलेली पोट्टी आपल्या गावात हाये, मंग योजना लिवाले बाहेरून कोनाले कायले आनाचं?" शिवाय चौकातली काळी पाटी दर आठवड्याला मीच लिहायची.

घरी येऊन लिहिले. शेण, राख, भाजीची देठे, पालापाचोळा उकिरड्यात. प्लास्टिक, पत्रा, बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या दारावर टांगलेल्या युरियाच्या पोत्यात. बाजाराच्या दिवशी भंगारवाला येऊन नेईल. फवारणीच्या डब्यांचे काय करावे, हे अजून सुचलेले नाही. काच कोणत्याही परिस्थितीत उकिरड्यात टाकू नये.

शेवटच्या वाक्यावर पेन थांबले. मग ते वाक्य अधोरेखित केले. दोनदा.

४ ऑगस्ट

मारुतीच्या ओट्यावर सभा. मी इतिवृत्त लिहायला, खांबाशी.

माझी योजना वाचून झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शेवंताकाकूने विषय काढला. हमिदाचाची मागे उभी होती, ती पुढे आली.

"माह्या घरची काच? अरे, ते माह्या धंद्याची चीज हाये. फुटली तरी कोनाच्या पायाखाली येऊ देत नाई मी. डालड्याच्या डब्यात ठेवतो. या न घरी, पाहा डबा."

कोणी डबा पाहायला गेले नाही. सरपंच फार गोड आवाजात म्हणाले, "चाची, तुले कोनी चोर म्हनून नाई राह्यलं. फक्त आपला कचरा नाल्यापल्याड नेत जाय. बस्स."

हमिदाचाची वच्छलामायकडे पाहत होती. वच्छलामाय ओट्यावर पाय लांब करून बसली होती. तिने तोंड फिरवले.

ठराव सर्वानुमते मंजूर. तो माझ्या अक्षरात आहे, त्याच निळ्या-काळ्या शाईत. 'सर्वानुमते' या शब्दात मी आहे.

७ ऑगस्ट

सकाळी ती माझ्या खिडकीखालून गेली. टोपलीत बकऱ्यांच्या लेंड्या आणि राख. नाल्यापर्यंतची वाट चिखलाची.

माझी खोली अजून गेल्या वर्षीच्या कापसाने भरलेली आहे. भाव चढेल, मग विकू, असे बाबा पौषापासून म्हणत आहेत. मी ढिगाला पाठ लावून लिहिते. अंगाला खाज सुटते. कापसाची की कशाची, कळत नाही.

बाबा जेवताना म्हणाले, "औंदा तिच्या बाजूचं खत नाई घेत. लोकं काय म्हनतीन?"

मी विचारले, "मग तिला पऱ्हाटी?"

"खत नाई त पऱ्हाटी कायची?" हे त्यांनी हळू म्हटले, ताटाकडे पाहत. बाबा वाईट नाहीत. हल्ली ते वर्तमानपत्राची जिल्ह्याची बाजू, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या फोटोंची, आत घडी करून ठेवतात, आईला दिसू नये म्हणून.

म्हणजे हिवाळ्यात ती चुलीत काय घालणार?

१३ ऑगस्ट

दारोदार पोती टांगली गेली. एक गोष्ट मला पुस्तकातून कळली नव्हती: कचरा दारावर टांगला की घर उघडे पडते. शेवंताकाकूच्या पोत्यात क्रीमच्या बिस्किटांचे पुडे निघाले, आणि पाहुण्याला कोरा चहा देताना ती सांगते की घरात काहीच नाही. भजनी मंडळाच्या बुवांच्या पोत्यात रोज सकाळी दारूची एक रिकामी बाटली असते. बुवा शपथा घेतात. बायको म्हणते, "शेजारचा आनून टाकते न वो." शेजारी म्हणतो, "मी कायले टाकू, माह्यं पोतं नाई काय?" आता बुवा पोत्यापाशी खाट टाकून बसतात.

भंगारवाल्याने प्लास्टिक घेतले, पत्रा घेतला. फुटकी काच घेईना. "नही लेता दीदी. मेरे बी हात है."

सरपंचांचा निर्णय: काचेसाठी एक जुना माठ, वैशालीच्या दारात. तिच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे.

१८ ऑगस्ट

कंदिलाची फुटकी चिमणी. आरशाचा अर्धा भाग. औषधाच्या बाटल्या. लोक येतात, "घ्या मॅडम" म्हणून हसतात आणि माठात टाकतात. टण्.

गावातली सगळी फुटकी काच आता माझ्या दारात आहे.

२४ ऑगस्ट

पाटी. काल लिहिली: 'भांडी घासलेले पाणी परसात वाफा करून सोडावे.' पुरुष पाटीकडे पाहतही नाहीत, मुले शाळेत. बायका पाण्याला जाताना थांबतात आणि मला हाक मारतात, "काय लिवलं वो? वाचून दाखव." बहुतेकींना वाचता येत नाही, दोघी-तिघींना येते, त्या लाजतात. मी वाचते. आश्चर्य असे की तेव्हा माझा आवाज चांगला मोठा निघतो. शब्द माझे नसतात ना, पाटीचे असतात.

आज वाचत असताना ह. चाची लांबून गेली. तीही पूर्वी थांबत असे.

८ सप्टेंबर

महालक्ष्म्या दोन दिवसांवर. दर वर्षी या दिवसांत चाचीच्या ओसरीवर बायकांची रांग असते. या वर्षी सगळ्या जीप करून बाभुळगावला बांगड्या भरून आल्या. शेवंताकाकूने मला हात दाखवला, "पाह्य, कशी फॅशन!" बांगड्या तिला मोठ्या होत्या, कोपरापर्यंत घसरत होत्या. चाचीने भरलेली बांगडी अशी घसरत नाही.

आई गेली नाही. पण चाचीकडेही गेली नाही. जुन्याच राहू दिल्या.

१७ सप्टेंबर

यादी आली. नाव आहे. यवतमाळ. वर्ग दिवाळीनंतर, ६ नोव्हेंबरला निघायचे.

बाबांनी चक्की बंद ठेवून पेढे वाटले. मला आनंद झाला का? झाला. आणि त्याच्या आतच, बीसारखे कठीण: आता पन्नासच दिवस गप्प राहायचे आहे. हा विचार माझाच आहे, हे लिहून ठेवते.

१८ सप्टेंबर

ह. चाची आली. स्वतःहून, टोपली घेऊन. आई आतच थांबली.

"यवतमायले जाऊन राह्यली बेटा, अन् उघड्या हातानं? लोकं म्हनतीन गावात कासार नाई का मनियार नाई."

माझा हात तिने हातात घेतला. बोटे एकत्र दाबत, अंगठ्याखालचे हाड आत वळवत, एकेक बांगडी चढवत गेली. डझनभर, हिरव्या. एकही फुटली नाही. मी तिच्या कपाळाकडे पाहत होते. आता, आता, असे मनात चालले होते. तिने माझे मधले बोट उलटे केले आणि त्यावरचा डाग अंगठ्याने घासला.

"हे शाई काही जात नाई तुह्या बोटाची."

मी म्हणाले, "नाही जात."

"राहू दे. शिकल्याची निशानी हाये."

तिला माहीत आहे का? माहीत असते तर ती आली असती का? की म्हणूनच आली?

मोबदला घेतला नाही. टोपली उचलताना म्हणाली, "तिकडे थंडी लय पडते म्हनतात. स्वेटर घेजो."

२८ सप्टेंबर

नवरात्रासाठी आई माझी खोली आवरत होती. पुस्तकांमागची कागदाची पुडी तिला सापडली. मी बाहेरून आले तेव्हा ती पुडी उघडून बसली होती.

आईला वाचता येत नाही, पण काही गोष्टी ती अक्षरांशिवाय वाचते. म्हणाली, "हे तेच काय? वच्छीच्या पायातलं?"

मी मान हलवली.

तिने निळा थर नखाने खरवडून पाहिला. मग उठली, दारातल्या माठापाशी गेली आणि ती काच आत टाकली. परत येऊन म्हणाली, "झालं ते झालं. तू जाऊन राह्यली. मले अठीच राहाचं हाये, ह्याच बायकाईत. तुह्या बापाले चक्कीवर बसाचं हाये. काल-परवा पेढे खाल्ले लोकाईनं, अन् आज त्याईले हे सांगतं?"

"आणि चाची?"

"तिचं... लोकं विसरतीन." मग अधिक हळू, "दोन-तीन वर्षांत."

आईवर रागावता येत नाही. तिने जे म्हटले ते सगळे मी आधीच स्वतःला सांगून झाले आहे, अधिक शुद्ध मराठीत.

३ ऑक्टोबर

माठात पाहिले. वरवर हात घातला. खूप काच जमली आहे. ती वस्तू दिसत नाही. पुरावा नाही. याने सुटल्यासारखे वाटायला हवे होते.

१७ ऑक्टोबर

आज आमच्या वावरात सीतादही. पहिल्या वेचणीच्या दिवशी दही-भात कालवून वावराच्या कोपऱ्यात, पहिल्या फुटलेल्या झाडापाशी ठेवायचा आणि चार दिशांना शिंपडायचा. मग वेचायला लागायचे. भाव काहीही असो, हे चुकत नाही.

वच्छलामाय आली. त्या पायाला फडके गुंडाळलेले, वर बाबांचा जुना बूट. दोन तास, म्हणजे झाडांच्या दोन ओळी, पुढे जाते आणि टेकते. पूर्वी तिच्यासोबत कोणी टिकत नसे. आज सगळ्या पुढे निघून गेल्या आणि ती मागे एकटी राहिली. मी तिच्या शेजारच्या तासात गेले.

सांगितले.

सगळे एका वाक्यात सांगितले, मान खाली घालून, बोंडातला कापूस ओढत. तिने हात थांबवले नाहीत. ओटीत कापूस टाकत राहिली. मला वाटले ऐकू गेले नाही.

मग म्हणाली, "तुह्या बाटलीनं?"

"हो."

"अन् तुले तवाच माहीत होतं? दवाखान्यातच?"

"हो."

ती उभी राहिली. शिव्या देईल असे वाटले. द्यायला हव्या होत्या. म्हणाली, "पायाचं काही नाई वो. काच कोनाचीबी लागते. जानूनबुजून कोनी टाकत नाई. पन तीन महिने मी हमिदाच्या दारावरून तोंड फिरवून गेली. तिनं मले हाक मारली, 'वच्छे, पाय कसा हाये?' मी बोलली नाई. माह्या बायतपनात तिनं चूल सांभायली माह्यी. थे मले वापस कोन देईन? तू देशीन?"

मला उत्तर आले नाही. तालुक्यात पहिली.

"मी नाई सांगनार कोनाले," ती म्हणाली. "तुह्यं तू सांग." आणि पुढे लंगडत गेली. थोड्या वेळाने वळून, "अन् कापूस निवडून वेच. अर्धी पत्ती येऊन राह्यली त्याच्यात."

१८ ऑक्टोबर

वच्छलामाय आज संध्याकाळी वेचणीहून परतताना चाचीच्या ओसरीवर बसलेली दिसली. बूट काढून, पाय पुढे करून. दोघी काय बोलत होत्या ते कळले नाही. तिने सांगितले नसेल. ती शब्द मोडत नाही. पण मी खिडकी लावून घेतली.

२३ ऑक्टोबर

आज चाचीच्या दारापर्यंत गेले. वाक्य पाठ होते. बकऱ्यांना पाला घालत होती.

"काय वो बेटा?"

"सुई आहे का?"

सुई घेऊन आले. घरी चार सुया आहेत.

चुलीपाशी तिने नाल्याकाठच्या बाभळीच्या काटक्या रचून ठेवल्या होत्या, ओल्याच.

२७ ऑक्टोबर

ट्रंक भरली. उपसली. पुन्हा भरली. पुस्तके खाली ठेवली तर कपडे चुरगळत नाहीत, पण ट्रंक उचलत नाही. बाबा म्हणतात, "घर घेऊन चालली काय?" दोन दिवस काही वाचता आलेले नाही. त्याच त्या पानावर.

स्पर्धेच्या तपासणीची माणसे येऊन गेली. माझ्या माठाचे कौतुक केले. एकाने विचारले, "ही कल्पना सुचली कशी?" सरपंच म्हणाले, "हुशार हाये आमची पोट्टी." मी पाणी आणायला आत गेले आणि आतच राहिले.

१ नोव्हेंबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन.

दर वर्षी दिवेलागणीला आई उकिरड्यावर दोन दिवे ठेवते. गोठ्यात, विहिरीवर, जात्यापाशी एकेक. उकिरड्यावर दोन, कारण उकिरडा दोन घरांचा. लहानपणी मी विचारले होते, चाचीकडे दिवाळी नसते ना, मग तिच्या बाजूला कशाला? आई म्हणाली होती, "तिच्या खतानं आपलं वावर पिकते का नाई?"

आज ताटात एकच होता. आई तो आमच्या बाजूला ठेवून पदर सावरत आत गेली. माझ्याकडे पाहिले नाही.

मी स्वयंपाकघरातून पणती घेतली, तेल घातले, वात लावली. उकिरड्याची उजवी बाजू तीन महिन्यांत बसली आहे. नुसती माती, वर गवत उगवलेले. तिथे ठेवली. वाऱ्याने विझली. पुन्हा लावली. पुन्हा विझली. काड्या संपत आल्या.

"आडोसा कर न वो. अशी कशी राहीन थे?"

हमिदाचाची मागे उभी. खाली वाकून तिने फुटक्या मडक्याचा एक तुकडा उचलला, पणतीला पाठीशी लावला. काडी माझ्या हातातून घेतली आणि वात लावली.

"तुह्या मायनं धाडलं?"

"नाही."

"मंग काहून आली?"

गल्लीत फटाके वाजत होते. समोर शेवंताकाकू दारात उभी राहून पाहत होती. वाक्य घशापर्यंत आले होते, संपूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापदासह. बाहेर आले नाही. चाचीने थोडी वाट पाहिली. खरेच वाट पाहिली; तेवढे मला कळते. मग "जाय, थंडी हाये" म्हणाली आणि गेली.

मला बोलता येत नाही. लिहिता येते.

२ नोव्हेंबर, पाडवा

उजाडायच्या आत चौकात गेले. पाटी पुसली. लिहिले:

'१९ जुलै रोजी वच्छलामायच्या पायात गेलेली काच बांगडीची नव्हती. ती माझ्या शाईच्या बाटलीची होती. बाटली मी स्वतः उकिरड्यात पुरली होती आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ४ ऑगस्टच्या ठरावात हमिदाचाचीवर ठेवलेला दोष खोटा आहे. तो ठराव माझ्या हातचा आहे. — वैशाली'

अक्षर चांगले आले. एकही खाडाखोड नाही. खडू पाटीखाली ठेवून परत आले, हात धुतले. आईला सांगितले. ती चुलीपुढे बसून होती. भाकरी करपू दिली, जी ती कधी करपू देत नाही. बाबा अजून गोठ्यात.

वाटले होते की आता झाले. आता लोक वाचतील आणि मी खोलीत बसेन, कापसाला पाठ लावून, जे व्हायचे ते माझ्यावाचून होईल.

शाळेला सुट्टी आहे. मुले झोपलेली. पुरुष पाटीकडे पाहत नाहीत. हे मला माहीत नव्हते का? रोजचे आहे.

आत्ता चौकातून हाका येत आहेत. शेवंताकाकूचा आवाज सगळ्यांत मोठा.

"वैशे! वो मास्तरीन! सनाच्या दिवशी एवढं मोठं काय लिवून ठेवलं? ये न, वाचून दाखव!"

खिडकीतून दिसते. पाच-सहाजणी आहेत, बादल्या खाली ठेवून. वच्छलामाय बूट घालून उभी आहे, ती पाटीकडे नाही, माझ्या खिडकीकडे पाहते आहे. आणि थोडी लांब, वडापाशी, बकऱ्या घेऊन ह. चाची. आज थांबली आहे.

"लौकर ये बेटा," ती म्हणते आहे, "बकऱ्या उभ्या नाई राहात."

या वेळी पाटीचे शब्द माझेच आहेत. आवाज निघेल की नाही, कोण जाणे.

आईने दार उघडून धरले आहे.

जाते.